हिरानं एकदाच घेतलेलं नाव

माझं नाव बाळाराम. आडनाव राहू द्या, लिवू नका ताई, आमच्या गावात अर्ध्या घरांचं तेच आडनाव हाय. गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. आता त्याला गाव बोललात तर लोक हसतील, सगळ्या बिल्डिंगा झाल्या, पण मी सांगतो तवाचं, तवा घराच्या मागनं भात लागायचा, भाताच्या पलीकडे चिखल आणि चिखलाच्या पलीकडे खाडी. आम्ही आगरी. माझा बापूस पावसात शेती करायचा, उन्हाळ्यात मिठागरावर जायचा, आणि मधल्या दिवसांत कुणी बोलावलं की झाडावर चढायचा. नारळ काढायचे, चिंचा पाडायच्या, कौलांवर आलेली फांदी उतरवायची. मी त्याचं बघून शिकलो. शाळेत चौथीपर्यंत गेलेलो, पण शाळेपेक्षा झाडावर जास्त असायचो.

चढायला कुणीपण चढतो, बापूस बोलायचा, उतरायला दोन माणसं लागतात. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं चढणं कठीण. तसं नाय. नारळाचं खोड मिठीत मावतं, पायाला फास घातला की चढा-उतरा. पण जुना आंबा, चिंच, शिरीष, ह्यांचं खोड तीन माणसांच्या मिठीत मावत नाय. वर जाताना फांद्या धरत धरत जातो, आणि मग त्याच फांद्या तोडतो. मग खाली येताना पाय कुठं ठेवणार. म्हणून दोरी. दोरीचं एक टोक माझ्या कमरेला, तिथनं दोरी डोक्यावरच्या बेचक्यातनं पलीकडे, पलीकडनं सरळ खाली जमिनीवर, तिथं खोडाला दोन वेढे आणि दुसरं टोक खालच्या माणसाच्या हातात. तो सोडील तसं मी खाली येणार. म्हणजे बघा, मी वर असलो तरी माझा जीव खाली असतो, दुसऱ्याच्या मुठीत.

त्याचे बापसाचे नियम होते. बेचकं जिवंत फांदीचं बघायचं. गाठ ज्यानं उतरायचं त्यानंच मारायची. उतरायच्या आधी कोयता खाली सोडायचा, मगच कमरेला दोरी बांधायची, दोरी आणि कोयता एका वेळी अंगावर नकोत. आणि खालच्या माणसानं दोरीला एक हिसका दिल्याशिवाय फांदीवरनं पाय उचलायचा नाय. एक हिसका, म्हणजे धरलंय, ये. तो हिसका कमरेला बरोबर कळतो. खाली बाजार भरलेला असो, वारा सुटलेला असो, कळतोच.

आता थांबायची खूण काय, तर ती नव्हतीच. बापसानं कधी शिकवली नाय, आणि मी कधी विचारली नाय. जो उतरायला निघाला त्याला मधेच थांब कशाला सांगायचं, असं वाटायचं आम्हाला. ही आमची चूक. पुढं सांगतो.

पहिल्यांदा माझी दोरी माझा चुलतभाऊ धरायचा. त्याला एमआयडीसीच्या फेजमधल्या एका कंपनीत नोकरी लागली, सकाळचा भोंगा, संध्याकाळचा भोंगा, तो गेला. ऐंशी सालच्या पुढंमागं ही गोष्ट. तवा डोंबिवलीत सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि पावसाच्या तोंडावर मला रोज बोलावणं यायचं, अमक्याच्या बाल्कनीत फांदी गेली, तमक्याची वायर अडकली. काम भरपूर आणि धरायला माणूस नाय. मी दोन-तीन जणांना घेऊन बघितलं, एक जण दोरी पायाखाली दाबून बिडी पेटवत होता, मी वरनं बघितलं, तसाच वर बसून राहिलो, त्याची बिडी संपल्यावर उतरलो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला आणला नाय. मग घरात बसलेलो तर हिरा बोलली, मी धरते.

हिरा माझी बायको. माहेर विठ्ठलवाडीकडचं. अंगानं बारीक, पण मिठागरावर टोपल्या वाहिलेल्या, भाताचे भारे डोक्यावर आणलेले, तिचे तळवे माझ्यापेक्षा टणक. मी हसलो. ती हसली नाय. बोलली, भारा बांधते तवा दोरी मीच आवलते ना, सुटलाय का कवा एक तरी. तर नव्हता सुटला. मग मी तिला घरामागच्या चिंचेवर शिकवलं. वेढे कसे टाकायचे, मूठ कशी सैल करायची, वेग कसा ठेवायचा. दोन दिवसांत शिकली. तिसऱ्या दिवशी मला उतरवला तर असा उतरवला की पाय जमिनीला टेकले ते मला समजलंच नाय.

लोकांना गंमत वाटायची. नवरा झाडावर आणि बायकोच्या हातात दोरी. सोसायटीतल्या बायका बाल्कनीतनं बोलायच्या, अगं बाई, हे बरं हाय, आम्हाला पण अशी दोरी द्या. हिरा पदर खोचायची, खाली बघायची, काय बोलायची नाय. तिचं बोलणं सगळं त्या हिसक्यात. एक हिसका. धरलंय, या. दहा-बारा वर्षं ताई, तो हिसका मी रोज कमरेला घेतला.

आता तिच्या गप्प राहण्याचं सांगतो, नायतर पुढचं तुम्हाला कळायचं नाय. ती माझं नाव घ्यायची नाय. तसं आमच्यात कुठलीच बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती, पण उखाण्यात तरी घेतात. हिरानं उखाण्यात पण घेतलं नाय. वरात घरी आली, माझ्या बहिणी दार अडवून उभ्या, नाव घे मगच आत ये, रिवाजच हाय तो. ही उंबऱ्याबाहेर उभी. दहा मिनिटं, अर्धा तास. बहिणी पहिल्यांदा हसत होत्या, मग चिडल्या. मला पण राग आला, एवढं काय, सगळ्या पोरी घेतात. शेवटी माझी आयस आतनं बोलली, ये गो बाय आत, भात थंड व्हतंय. तशीच आली, नाव न घेता.

मला वाटायचं हट्टी हाय. पहिली दोन वर्षं मी तिला त्यावरनं टोचायचो पण. मग एकदा तिनंच सांगितलं. तिच्या आयशीनं तिच्या बापसाला एकदा नावानं हाक मारली होती. जेवायला बोलावत होती, तो नदीच्या अंगाला, ऐकू जाईना, आयशीनं वैतागून नावानं मारली हाक. त्याच पावसात तो त्या नदीच्या, वालधुनीच्या पुरात वाहून गेला. लोक बोलले बायकोनं नाव घेतलं म्हणून नवऱ्याचं वय तुटलं. हिरा तवा सात वर्षांची. आयस मरेपर्यंत तेच बोलत राहिली, मीच घेतलं गो नाव, मीच घेतलं. आता तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही बोलाल पूर होता म्हणून गेला. मी पण तेच बोललो तिला. पण सात वर्षांच्या पोरीच्या पोटात जे बसलं ते बसलं. त्यानंतर मी तिला नावाचं कधी टोचलं नाय. ती मला अवो बोलायची. घरात एकटा मीच अवो, त्यामुळे अडचण नव्हती.

आणि मग ते ठाण्याचं झाड. टेंभी नाक्याच्या जवळ, आतल्या गल्लीत एका जुन्या घराच्या आवारात शिरीष होता, चाळीस-पंचेचाळीस फूट असेल, वरनं छत्रीसारखा पसरलेला. नवरात्र आठ दिवसांवर आलेलं. तुम्हाला तर माहीत, नवरात्रात टेंभी नाक्याला देवीचा केवढा उत्सव असतो. तवा गल्लीच्या तोंडाशी कमान बांधत होते, डेकोरेशनवाल्यांचे बांबू, वर चढलेली माणसं, आणि कर्णे लावून बघत होते, हॅलो हॅलो, मधेच गाणं, मधेच खरखर. घरवाल्यांना फांद्या उतरवून पाहिजे होत्या, कमानीवर येत होत्या म्हणून. सकाळपासून मी वर होतो. काम झालं. हिरा खाली खोडापाशी, वेढे टाकून तयार. मी कमरेला गाठ मारली, हिसका आला. धरलंय, या.

तेवढ्यात कमानीवरचा माणूस ओरडला, ओ काका, ती एक बारकी राहिली, बांबूला लागतेय. बघितलं तर खरंच राहिलेली, मनगटाएवढी. आणि कोयता अजून आकडीत, माझ्या कमरेला. खाली सोडायचा राहिला होता की मी आळस केला, खरं सांगतो आळस केला, दिवसभर दमलेलो, बोललो खाली उतरल्यावर काढू. नियम मोडला होताच, तर बोललो ही एक तोडून टाकू. तोडली. तीन घाव घातले. तिसरा घाव फांदीच्या पलीकडे गेला. पलीकडे पानांच्या मागं माझीच दोरी खाली उतरत होती, ती मला दिसत नव्हती. कोयता लागला ते मला समजलं पण नाय. फांदी पडली, कोयता आकडीत टाकला, आणि हिसका तर मघाशीच येऊन गेलेला. म्हणजे माझ्या हिशोबानं ती धरून होती आणि मी उतरायचा होतो.

खाली काय झालं ते मला नंतर समजलं. हिराच्या मुठीत दोरी फिरायला लागली. दोरीचे पेड तुटले ना, की ती आपल्याआप उलगडते, पीळ सुटतो, आणि तो पीळ खालपर्यंत येतो. डोळ्यांच्या आधी तिच्या हाताला कळलं. वर बघितलं तर पानांत दोरीचे दोन पेड लोंबतायत. आता तिनं काय करायचं. हिसका द्यावा तर हिसका म्हणजे ये. थांबची खूण आमच्यात नव्हतीच. तिनं हाक मारली, अवो, थांबा. अवो. पण कर्णा चालू, बांबूवाले एकमेकांना ओरडतायत, रिक्षावाले ओरडतायत, त्या गल्लीत त्या वेळी दहा बायका कुणाला ना कुणाला अवो करत असतील. मला काय ऐकू येणार. आणि आलं असतं तरी मी काय वळून बघणार, जगात अवो किती. मी पाठ फिरवली, एक पाय फांदीवरनं उचलला, अंग मागं टाकायला लागलो.

बालाराम.

ताई, ती हाक मी कशी सांगू तुम्हाला. आवाज असा फाटलेला. मला पहिल्यांदा वाटलं आयस. कारण ळ चा ल करून बालाराम अशी अख्ख्या नावानं हाक मला फक्त आयस मारायची, लहानपणी, खाडीत गेलो की काठावरनं. पण आयस जाऊन चार वर्षं झालेली. मी तसाच गोठलो, एक पाय फांदीवर, एक हवेत, आणि हातानं वरची फांदी धरली, नुसती त्या हाकेनं धरली. खाली बघितलं. हिरा. एका हातात दोरी, दुसरा हात तोंडावर. माझ्याकडे बघत होती, अशी की काहीतरी चोरलंय. मग बोलली, दोरी बघा. दोरी बघितली. तीन पेडांतले दोन गेलेले. तिसऱ्याचे पण धागे सुटत होते.

मी पाय परत फांदीवर ठेवला आणि तिथंच फांदीला मिठी मारून बसलो. किती वेळ बसलो माहीत नाय.   मग सगळं पहिल्यापासनं केलं. कोयता सुतळीला बांधून खाली सोडला. गाठ सोडली, दोरी हळूहळू माझ्याकडे ओढली, तुटका भाग आला तो काढून टाकला, चांगल्या भागाची पुन्हा गाठ मारली. दोरी लांब होती म्हणून बरं. खाली हिरानं वेढे घातले. मी थांबलो. हिसका येईना. बघतो तर ती रडत होती, उभी राहून, आवाज न करता. मग डोळे पुसले, पदर खोचला, आणि हिसका दिला. एक. मी उतरलो. मला उतरवताना तिचा हात जरा पण हलला नाय.

खाली आल्यावर मला वाटलं शिव्या घालील, आळस केला म्हणून. ती दोरी गुंडाळायला लागली. माझ्याकडे बघेना पण. मी गंमत करायला बोललो, हिरा, घेतलंस की गो नाव. तर दोन्ही हातांनी स्वतःच्या गालावर मारून घ्यायला लागली. लोक बघायला लागले. मी हात धरले तिचे. घरी आलो तर चूल न पेटवता पहिल्यांदा गावदेवीला गेली, नारळ ठेवला, आणि त्या दिवसापासून मंगळवारचा उपास धरला. पाणी पण सूर्य बुडाल्यावर घ्यायची. किती समजावलं मी. बोललो, अगो, तुझ्या हाकेनं वाचलो मी. ती बोलायची, वाचलेव ते आजचं, मी तोडलं ते पुढचं वय.

मी बोललो आता आपण खूण ठरवू, थांबायचं असलं की तू नाव घे, मला नावच ऐकू येतं. नाय बोलली. मग काय केलं सांगू, दुसऱ्या दिवसापासनं कामावर येताना घरातली पितळी थाळी आणि डाव घेऊन यायला लागली. दोरीच्या टोकाला उभी आणि थाळी पायापाशी. थांबा म्हणजे डावानं थाळी वाजवायची. सोसायटीतली पोरं जमायची, त्यांना वाटायचं डोंबाऱ्याचा खेळ हाय. मी वरनं मुद्दाम चेष्टा करायचो, हिरा, जेवण झालं काय, थाळी घेऊन उभी हायस. ती खालनं हसायची आता. सात-आठ वर्षं ती थाळी आमच्याबरोबर फिरली, ठाण्याला, कल्याणला, उल्हासनगरला. दोनदा वाजली. एकदा मधमाश्या उठल्या तवा आणि एकदा वायरीत करंट होता तवा. पण मला सांगू, मनात मी वाट बघायचो. वर बेचक्यात बसून वाटायचं, थाळी विसरू दे हिची एक दिवस.

मग तिला कावीळ झाली. पोटात उतरली बोलले डॉक्टर. कल्याणच्या इस्पितळात तीन आठवडे होती. शेवटच्या दिवसांत डोळे हळदीसारखे पिवळे, आवाज आत गेलेला. मी खाटेपाशी बसलेलो, वॉर्डात दुपारची शांतता, बोललो, हिरा, एकदा घे की गो. आता कशाला भितेस. तिनं मान हलवली, नाय. हसली पण थोडी. मग हात पुढं केला, माझ्या शर्टाचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. एकदाच. हलका हिसका. मला समजलं ना ताई, मला नाय समजणार तर कुणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

तिचे दिवस झाल्यावर तिची बहीण मला बोलली, भावजी, ती गावदेवीला काय मागायची ते तुम्हाला माहीत हाय काय. बोललो, माझं आयुष्य मागत असेल, दुसरं काय. बहीण बोलली, नुसतं नाय, बोलायची, मी तोडलं तेवढं माझ्यातलं काढ आणि त्यांना घाल. मी उठून मागच्या चिंचेखाली गेलो. चिंच तवा अजून होती. लय राग आला मला, देवीचा आला, हिराचा आला. विचारलंस का मला, बोललो. मला नको होतं असलं. मला ती पाहिजे होती. आज पण पाहिजे. ह्याच्यावर तुम्ही काय लिहायचं ते लिवा, मला दुसरं बोलता येत नाय.

त्यानंतर मी झाडावर चढलो नाय. वय नव्हतं झालं, पन्नाशी पण नव्हती. माणसं मिळाली असती दोरी धरायला. पण बेचक्यात बसून कमरेला हिसक्याची वाट बघायची आणि तो तिचा नसायचा, ते मला जमलं नसतं. आता नवी माणसं पट्टे लावून चढतात, कुठं कुठं शिडीची गाडी येते. येतात विचारायला कधी, काका, फांदी कशी घ्यायची. मी सांगतो, फांदी घ्या कशी पण, पहिल्यांदा थांबायची खूण ठरवा. उतरायची सगळे ठरवतात. ती पितळी थाळी अजून घरात हाय, सणाला निघते. आणि कधी कधी असं होतं, मी बाहेर निघतो आणि दाराच्या कडीत सदऱ्याचं टोक अडकतं, मागनं ओढल्यासारखं. मी वळून बघतो. माहीत असतं कडी हाय, तरी बघतो.

आता पोरगा महेश आणि सून स्वाती, त्यांच्याकडे असतो. शेत गेलं, त्यावर बिल्डिंग झाली, तिसऱ्या माळ्यावर खोल्या मिळाल्या. मी झाडावर असायचो तेवढ्याच उंचीवर आता जेवतो, झोपतो. स्वाती चांगली पोर हाय, नोकरीला जाते. सकाळपासनं तिचं चालू, महेश, गॅस बंद कर, महेश, किल्ली घे, महेश, ऐक ना. नवीन होती तवा एकदा माझ्यासमोर तिच्या तोंडनं नाव गेलं आणि तिनं जीभ चावली. बोलली, सॉरी बाबा, सवय हाय कॉलेजपासनं, तुमच्यासमोर नाय घेणार. कुणीतरी सांगितलं असेल तिला, सासरा जुन्या वळणाचा हाय.

मी तिला जवळ बसवली आणि हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. शेवटी बोललो, घे गो बाय तू. दिवसातनं शंभर वेळा घे. मोठ्यानं घे, मी आतल्या खोलीत असलो तरी ऐकू येईल असं घे. नाव घेतल्यानं वय तुटत नाय, मी तुझ्यासमोर बसलोय.

तवापासनं ती घेते. सकाळी मी अंथरुणात पडून ऐकत असतो, महेश, महेश. तो गधडा ओ पण देत नाय पटकन. मला वाटतं उठावं आणि त्याला सांगावं, अरे, दे की ओ.